संत तोमासचं पाणी

१

दुपारची झोप आटपून मी माझ्या खाणावळीच्या मागच्या परसात आले, तेव्हा सार्जंट आकिनो आंब्याखालच्या झुल्यात मरून पडला होता.

आधी वाटलं, म्हातारा अजून घोरतोय. पण झोपलेल्या माणसाची पाठ अशी वाकत नाही आणि मुठी दोरीत अशा रुतत नाहीत. दातखीळ बसली होती. ओठांवरच्या जुन्या भेगा पांढऱ्या पडल्या होत्या. मी डोक्यावरचं फडकं काढून त्याच्या तोंडावर टाकलं आणि पोलीस ठाण्यात निरोप धाडला.

कमिसार गाउना आला तो आपला निकाल खिशात घेऊनच आला. त्याने प्रेत पाहिलं न पाहिलं, सरळ माझ्या कोठारात शिरला आणि मुंग्यांच्या औषधाचा डबा घेऊन बाहेर आला.

"हा कुणाचा?"

"घराचा," मी म्हटलं. "तुमच्या घरी नाही का? की तुमच्या शेतात मुंग्या सलाम ठोकून परत जातात?"

आमच्या इतापोरा गावात हा डबा नसलेलं घर शोधून सापडायचं नाही. मुंग्या एका रात्रीत मांदियोकाच्या कंदांचं शेत बोडकं करतात. पण गाउनाला शोधायचं कुठे होतं? माझा धाकटा भाऊ क्रिस्पीन अंगणाच्या कोपऱ्यात वाकून ओकत होता. गाउनाने त्याच्याकडे बोट दाखवलं. "बघा, पाप पोटात राहत नाही."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमच्या चौकात कर्नल लेओनिदास बरेइरोची सभा होती. कर्नल देशाच्या अध्यक्षपदाला उभा होता. आमच्याकडे त्या खुर्चीवर बसायचं तर आधी चाकोच्या कोरड्या रानातल्या युद्धाची धूळ खाल्लेली असावी लागते. भाषण काय, कुणीही करतो. कर्नलची धूळ सगळ्यांत मोलाची होती. मेल्या घोड्याच्या विहिरीवर त्याने मूठभर शिपायांनिशी शत्रूला थोपवलं, वाट्याचं पाणी जखमींना दिलं, ही गोष्ट शाळेतली पोरं पाठ म्हणत. त्या विहिरीवरून जिवंत परतलेला दुसरा माणूस म्हणजे हा सार्जंट. तो उद्या मंचावर दिसणार होता. आणि माझा भाऊ विरोधी पक्षाचा. शुक्रवारी जेवताना तो सार्जंटला सगळ्यांदेखत म्हणाला होता, "काका, जखमांचा बाजार मांडू नका." एवढं गाउनाला पुरेसं होतं.

"सोमवारच्या गाडीने राजधानीला," क्रिस्पीनला दोरी बांधत तो म्हणाला. "तिथे अशा खटल्याला एक सकाळ लागते, बाई. काळे कपडे काढून ठेव."

आई गेली तेव्हा क्रिस्पीन माझ्या कडेवर होता. त्याला मी भरवलं, मारलं, वाढवलं. माझं दुसरं कुणी नाही. मी गाउना आणि त्याच्या पोलिसांच्या मागे रस्त्यापर्यंत धावले.

२

संध्याकाळच्या गाडीने जिल्ह्याचे न्यायाधीश आब्दोन साराचो उतरले. ते उतरायचे माझ्याच खाणावळीत, कारण गावात दुसरी नव्हती. एक पाय ओढत चालणारा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी प्रेत पाहिलं, पापण्या उलटून पाहिल्या, ओठांवरून बोट फिरवलं. मग आंब्याखाली बसले.

"साहेब, माझ्या भावाने हे केलेलं नाही," मी म्हटलं.

"सगळ्या बहिणी असंच म्हणतात."

"मग सगळ्यांचं ऐकून तुम्ही काय करता?"

"तेरेरे मागतो," ते म्हणाले. "घसा सुकलाय."

मी शिंगाच्या पेल्यात तेरेरेची सुकी पत्ती भरली, नळी खोचली, गार पाणी ओतलं आणि थांबले. आमची रीतच आहे. पहिलं पाणी संत तोमासचं. ते पत्तीला पिऊ द्यायचं, कुणी तोंड लावायचं नाही. दुसरं पाणी ओतलं की वाटणारा स्वतः पहिला घोट घेतो, म्हणजे कडूपणा त्याच्या वाट्याला येतो, आणि मग त्याच पेल्याने, त्याच नळीने फेरी सुरू होते.

मी थांबले, पण न्यायाधीश थांबले नाहीत. त्यांनी हात पुढे करून पेला माझ्याकडून काढून घेतला आणि संताचं पाणी घटाघटा ओढलं.

"माफ करा," ते ओशाळून म्हणाले. "चाकोच्या त्या तहानेच्या पट्ट्यात लढलेले आम्ही सगळे असे बिघडलो. तिथे संताला थांबावं लागायचं."

"तुम्ही पण? सार्जंटनेही आज हेच केलं."

न्यायाधीशांनी पेला हळूच खाली ठेवला. "काय केलं? नीट सांगा. कोण बसलं होतं, कुणी काय घेतलं, सगळं."

मी सांगितलं. जेवणाआधी चौघं आंब्याखाली बसले होते. सार्जंट, क्रिस्पीन, कर्नलचे चरित्र लिहिणारे वकील प्रिएतो, आणि कर्नलचा ड्रायव्हर एलिहिओ. प्रिएतो आणि एलिहिओ सभेच्या तयारीसाठी शुक्रवारीच येऊन राहिले होते. कर्नल तेवढा आज संध्याकाळी पाद्रीबाबांकडे उतरला होता. वाटायला क्रिस्पीन बसला. त्याने पहिलं पाणी ओतलं तसा सार्जंटने त्याचा हात धरला.

"म्हणाला, पोरा, संत स्वर्गात आहे, तिथे तहान नसते. आमच्या विहिरीवर पहिला घोट फुटक्या ओठाचा. आणि संताचं पाणी स्वतःच ओढलं. क्रिस्पीन हसला. आदल्या रात्रीचं भांडण तिथेच मिटलं होतं, साहेब."

"क्रिस्पीनला ही रीत आधी माहीत होती?"

"कशी असणार? शुक्रवारपर्यंत त्याने सार्जंटला पाहिलंही नव्हतं. आमच्या गावातले सैनिक त्या पट्ट्यात नव्हतेच, नदीच्या बाजूला होते."

"मग पुढे?"

"पुढची पाळी क्रिस्पीनची. मग वकीलसाहेब. एलिहिओने 'मेहेरबानी' म्हणून हात जोडले, म्हणजे नको. म्हणाला कलिंगड खाल्लंय. कलिंगडावर तेरेरे घेतलं तर माणूस मरतो म्हणतात, मग कोण घेईल? जेवायला सार्जंट आला नाही, पोट जड आहे म्हणाला. आम्ही सगळे झोपलो. तो तिकडे..." मी झुल्याकडे बोट दाखवलं.

"आणि पेला?"

"कमिसार घेऊन गेले. पत्ती माझ्या कोंबडीला घातली. कोंबडी मजेत आहे. म्हणून तर ते म्हणतात की क्रिस्पीनने विष वेगळं दिलं. एका पेल्यातून तिघं पितात आणि एकच मरतो, असं कसं होईल?"

न्यायाधीशांनी पेल्यातली नळी उपसून पाहिली. मग विचारलं, "बाई, ही नळी तीच का?"

"नाही. ती दुसरी. ती अजून तिथेच..." मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. खिळ्याला माझी चांदीची नळी लटकत होती. पेला नेणाऱ्याला नळी न्यायचं सुचलं नव्हतं.

३

न्यायाधीशांनी नळीचं खालचं भोकाभोकांचं बोंड वाटीतल्या पाण्यात बुडवलं, बराच वेळ हलवलं आणि ते पाणी मक्याच्या भरड्यात कालवलं.

"कोंबडी आणा."

"माझी चांगली अंडी देणारी आहे."

"भाऊ चांगला की कोंबडी?"

मी कोंबडी आणली. तिने दोन-चार चोची मारल्या, जरा फिरली, मग तिचे पाय ताठ झाले. मी आयुष्यात कधी मेलेली कोंबडी बघून देवाचे आभार मानले नव्हते, तेव्हा मानले.

"बोंडाच्या आत कुणीतरी औषधाचा लगदा भरून ठेवला होता," न्यायाधीश म्हणाले. "पहिल्या ओढीबरोबर बहुतेक सगळा वर गेला. उरलंसुरलं पुढच्याला लागलं. तुमचा भाऊ ओकत होता, तो पापामुळे नव्हे. वकिलांना काही झालं?"

"पोट दुखतंय म्हणाले. माझ्या घेवड्याला शिव्या दिल्या."

"आता नीट ऐका. नळी दाराशी लटकते, येणारा-जाणारा कुणीही भरू शकतो. पण भरणाऱ्याने काय धरून चालावं? रीत काय सांगते? पहिलं पाणी संताचं. मग पहिली ओढ कुणाची?"

"वाटणाऱ्याची," मी म्हटलं. "क्रिस्पीनची."

"बरोबर. सार्जंटने हात धरला नसता तर आज झुल्यात तुमचा भाऊ पडला असता. त्याने विष भरलं असतं तर स्वतःसाठीच भरलं असतं."

"की कुणाला क्रिस्पीनलाच मारायचं होतं?"

"मांदियोका लावणाऱ्या पोराला? मी तोही विचार केला. तसं असेल तर सार्जंट अपघाताने मेला. पण मग दुसरा एक प्रश्न राहतो. आज सकाळी कलिंगड कुणी खाल्लं?"

त्या आठवड्यात गारपिटीने पंचक्रोशीतली सगळी कलिंगडं झोडपली होती. बाजारात सालसुद्धा दिसत नव्हतं. आणि मी, रोज बाजार करणारी, ते ऐकून मान डोलावली होती.

"एलिहिओ," मी म्हटलं.

"पण मघाशी एलिहिओ मला म्हणाला की युद्धात तो नदीवरच्या बोटीवर आचारी होता. बोटीवर भरपूर पाणी असतं, बाई. पहिला घोट फुटक्या ओठाचा, ही रीत तिथल्या माणसाला ठाऊक नसते. ज्याने नळी भरली त्याला खात्री होती की सार्जंट संताला थांबवणार. तो त्या पट्ट्यातला माणूस आहे." त्यांनी घाम पुसला. "आणि इथेच माझं घोडं अडतं. त्या पट्ट्यातला म्हणून सगळा देश ओळखतो असा एकच माणूस आज या गावात आहे. तो आला संध्याकाळी, पण हुकूम आधीही पाठवता येतो. आत्ता तो पाद्रीबाबांच्या घरी कोंबडीचा रस्सा खातोय."

देशाचा होऊ घातलेला अध्यक्ष. माझ्या भावाच्या जिवासाठी न्यायाधीशांना त्याच्या गळ्याला हात घालावा लागणार होता, आणि असे हात घालणारे न्यायाधीश आमच्याकडे फार दिवस न्यायाधीश राहत नाहीत.

४

रविवारी सकाळी वकील प्रिएतो माझ्या ओसरीवर भाषणाचे कागद चाळत बसले होते. न्यायाधीश त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"सार्जंटला शोधलं कुणी?"

"मी," प्रिएतो अभिमानाने म्हणाले. "कर्नलसाहेबांनाही ठाऊक नाही. त्यांना वाटतं विहिरीवरचे सगळे गेले. हा बिचारा शत्रूच्या कैदेत होता, सुटल्यावर पार उत्तरेला लाकडं तोडत राहिला. मी त्यांना मंचावर चकित करणार होतो."

"सार्जंट कर्नलबद्दल काय बोलला?"

"बोलतच होता हो. माझा लेफ्टनंट असा, माझा लेफ्टनंट तसा. 'रविवारी सगळा देश माझ्या लेफ्टनंटचं नाव ऐकेल, मग मी मरायला मोकळा,' असं म्हणाला."

"नाव घेतलं कधी?"

प्रिएतो हसले. "घ्यायची गरज काय? नाव भिंतीभिंतीवर रंगवलंय."

न्यायाधीशांनी अंगणाकडे मान वळवली. एलिहिओ अंगणात मोटार पुसत होता. अंगाने सुटलेला, दाढीवाला, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस. मी भांडी विसळून पाणी अंगणात फेकायला गेले, तसा तो पुढे झाला आणि त्याने बादली माझ्या हातातून घेतली. "द्या ताई, गाडीला होईल." शुक्रवारपासून तो हेच करत होता. मला वाटलं होतं, किती कामसू.

"शुक्रवारी सार्जंट तुझ्याकडे टक लावून बघत होता म्हणे," न्यायाधीश म्हणाले.

"मी ओळखीचा वाटतो म्हणाला. मी म्हटलं, काका, माझ्यासारखे जाडे देशात पुष्कळ आहेत."

"विहिरीवरची गोष्ट तू कर्नलकडून ऐकली असशील."

"रोज ऐकतो, साहेब. मला पाठ आहे."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दोघेही किती सहज बोलत होते. उद्या गाडी सुटणार होती आणि न्यायाधीश कलिंगडाची आणि भिंतींची चौकशी करत बसले होते.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. कर्नल बरेइरो प्रेताला मान द्यायला स्वतः येत होता. सोबत कमिसार गाउना होता, आणि फोटोवालाही.

५

कर्नल उंच, देखणा माणूस होता. प्रेताच्या कपाळावर त्याने हात ठेवला, फोटो निघाला, फोटोवाल्याला घालवून दिलं. मग आंब्याखाली बसून म्हणाला, "ताई, तुमच्या घरावर दुःख कोसळलंय. आणा तो पेला. आज मी वाटतो तुम्हाला."

त्याने पत्तीवर पाणी ओतलं, छातीवर क्रूस काढला आणि डोळे मिटून थांबला. "आधी संत तोमास," तो भक्तिभावाने म्हणाला. पाणी पत्तीत हळूहळू मुरलं. मग दुसरं पाणी ओतून त्याने स्वतः पहिला घोट घेतला.

मी न्यायाधीशांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हा माणूस त्या विहिरीवर कधी गेलाच नव्हता. आणि म्हणूनच त्याने नळी भरवली नव्हती. त्याच्या हिशेबाने पहिली ओढ माझ्या भावाची असती, सार्जंटची नव्हे.

न्यायाधीश उठले आणि त्यांच्या ओढणाऱ्या पायाचा धक्का मातीच्या घागरीला लागला. तो लागला की लावला, हे मी कधी विचारलं नाही. घागर आडवी झाली आणि गार पाणी तापलेल्या मातीवर पसरलं.

कर्नलने बूट मागे घेतले. गाउना हसला. प्रिएतोंनी कागद वर उचलले. एलिहिओ मात्र गुडघ्यांवर कोसळला. टोपी काढून ती पाण्याला आडवी धरली, दोन्ही हातांनी चिखल टोपीत ओढू लागला, आणि तोंडातून असा आवाज काढू लागला की मी कान झाकले. पाणी जिरून गेलं तरी त्याचे हात थांबेनात.

"बोटीवर आचारी होतास ना?" न्यायाधीशांनी मऊ आवाजात विचारलं. "उठ बाळा. विहिरीवर तुम्ही किती जण होता?"

एलिहिओ उठला नाही. चिखलाने भरलेली टोपी पोटाशी धरून तो बोलत गेला. विहीर दिवसाला बादलीभर पाझरायची. पाण्याच्या बुधल्या राखायचं काम त्याच्याकडे होतं. एका पहाटे बुधल्या घेऊन तो पळाला. वाटेत रसदीच्या गाड्या भेटल्या, त्यांच्यावरचा अधिकारी होता बरेइरो. एलिहिओने त्याच्या पायांवर लोळण घेऊन सगळं सांगितलं. मागे राहिलेले मेले असणार असं दोघांनी धरलं. "साहेबांनी मला पोटाशी धरलं. नाव बदललं, नोकरी दिली. विहिरीची गोष्ट तेवढी स्वतःच्या नावावर ठेवून घेतली. मग शुक्रवारी सार्जंट जेवायला बसला. मला म्हणाला, तू ओळखीचा वाटतोस. ताई, त्याचे ओठ बघितलेत तुम्ही? ते मी केले."

"लेफ्टनंट कोण होता?" प्रिएतोंनी विचारलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"दुरे. नासारियो दुरे. शेवटपर्यंत स्वतःचं पाणी वाटत होता."

न्यायाधीशांनी मग नळी, कोंबडी, कलिंगड सगळं मांडलं. पण एक गोष्ट त्यांनी वेगळी सांगितली. पहिला घोट स्वतः घ्यायची सार्जंटची जुनी खोड होती, ती एलिहिओला माहीत होती, एवढंच ते म्हणाले. त्या पट्ट्यातल्या सगळ्यांची रीत, असं म्हणाले नाहीत. मला वाटलं विसरले. मी आठवण करून देणार, तोच त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली.

कर्नलने रुमालाने बूट पुसला. "छान. पण साहेब, हे न्यायालयात मांडायचं तर मी विहिरीवर नव्हतो असंही मांडावं लागेल. ते मांडणारा न्यायाधीश राजधानीपर्यंत पोचणार नाही, आणि या बाईचा भाऊ तर नाहीच. त्यापेक्षा असं करू. दोन शिपायांचं बुधल्यांवरून जुनं वैर होतं, त्यात खून झाला. एलिहिओला न्या. पोराला सोडतो. विहिरीबद्दल तुम्ही किंवा ही बाई, कुणी चकार शब्द काढायचा नाही."

एलिहिओने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. कर्नलने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"बाई, तुम्ही ठरवा," न्यायाधीश म्हणाले.

सार्जंट आत बाकावर फडक्याखाली पडला होता. त्याला फक्त एक नाव ऐकायचं होतं. पण माझा भाऊ जिवंत होता आणि कोठडीत होता. मला विचार करायला क्षणसुद्धा लागला नाही.

"मी बोलणार नाही," मी म्हटलं. "पण क्रिस्पीन आज संध्याकाळच्याच गाडीने जाईल, साहेबांबरोबर. तुमच्या माणसांबरोबर नाही. नदीपलीकडे आमची मावशी आहे."

"शपथ घे."

मी शपथ घेतली, की माझ्या तोंडून शब्द निघणार नाही.

निघताना क्रिस्पीन माझ्या गळ्यात पडून म्हणाला, "ताई, तू पण चल." मी म्हटलं, "सार्जंटला कोण पुरेल?" न्यायाधीशांनी एलिहिओला पुढे घातलं आणि मला म्हणाले, "सभेत तेरेरे तुम्हीच देणार आहात म्हणे. कर्नलसाहेबांचा पाहुणचार नीट करा. पुढच्या बाकांवर चाकोचे बरेच सैनिक बसवलेत. गाड्या भरून आणलेत त्या पट्ट्यातले."

६

ऊन कलताना चौक भरला. मंचावर कर्नल, त्याच्या मागे प्रिएतो, कोपऱ्यात गाउना. पुढच्या बाकांवर सैनिक बसले होते, जुने कोट घालून. मी त्यांचे ओठ पाहत होते. जवळजवळ प्रत्येकावर त्याच पांढऱ्या भेगा होत्या.

सभेचा बेत प्रिएतोंचाच होता. लोकांचा नेता मंचावर सैनिकांना स्वतःच्या हाताने तेरेरे वाटणार. मला पेला आणि घागर घेऊन वर बोलावलं. मी चढले नाही. पत्ती नीट भरली नाही, पेला पुसायचाय, असं काहीबाही पुटपुटत पायरीशी उभी राहिले. गाउना डोळे वटारत होता. माझं सगळं ध्यान स्टेशनाकडे होतं. गाडी आज सुटणार नाही, अडवली असेल, क्रिस्पीनला उतरवलं असेल, असं सारखं वाटत होतं.

मग शिट्टी झाली. लांब, चिरकी. मी पायऱ्या चढून गेले आणि घागर कर्नलच्या हातात दिली.

"भावांनो," तो भोंग्यातून म्हणाला, "त्या पट्ट्यात आपण एका पेल्यातून प्यालो. आज पुन्हा पिऊ." त्याने पाणी ओतलं. क्रूस काढला. "पण आधी संत तोमास. आपल्या आईबापांनी शिकवलं तसं."

आणि तो डोळे मिटून थांबला.

मागच्या गर्दीने टाळ्या वाजवल्या. पुढचे बाक वाजले नाहीत. एक हात नसलेला म्हातारा उठून मंचाशी आला.

"कर्नलसाहेब, विहिरीवर पहिला घोट कुणाचा?"

"संताचा, दादा," कर्नल हसून म्हणाला.

"पुन्हा विचारतो," म्हातारा म्हणाला. तो जणू विनवत होता, की साहेब, बरोबर उत्तर द्या, आम्ही तुमच्यासाठी इतक्या लांब आलोय. "पहिला घोट कुणाचा?"

कर्नलचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी घागरीकडे पाहिलं. मी शपथ घेतली होती.

"फुटक्या ओठाचा," बाकावरून कुणीतरी म्हणालं. मग शेजारचा म्हणाला. मग पलीकडचा. कुणी ओरडत नव्हतं. प्रार्थनेत पुटपुटतात तसं ते बाकाबाकांतून मागे जात राहिलं.

"मग तिथे होतं कोण?" एका हाताच्या म्हाताऱ्याने विचारलं.

गाउना माझ्याकडे सरकला. त्याला वाटलं मी बोलणार. मी ओठ घट्ट मिटले. क्रिस्पीनची गाडी अजून नदीपर्यंत पोचली नव्हती.

तेव्हा वकील प्रिएतो उठले. काल माझ्या घेवड्याला नावं ठेवणारा, भिंती रंगवणारा तो माणूस भोंग्याशी आला. त्याने कुठलीच शपथ घेतली नव्हती, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्याने भाषणाचे कागद खाली ठेवले आणि भोंग्यात दोनच शब्द म्हणाला.

"नासारियो दुरे."

सैनिकांनी टोप्या काढल्या. मग त्या पुन्हा घातल्या आणि कर्नलकडे पाठ करून एकेक जण चौकातून चालू लागले.

चार लोक जमवून मी सार्जंटला त्याच संध्याकाळी पुरलं. उन्हाळ्यात प्रेत ठेवता येत नाही. पेटी बंद करायच्या आधी मी पेल्यात पत्ती भरली आणि पाणी ओतलं. लोक रीतीप्रमाणे थांबले. मी थांबले नाही. त्या पाण्यात फडक्याचं टोक बुडवलं आणि त्याच्या ओठांच्या भेगांवरून फिरवलं.

"घ्या काका," मी म्हटलं. "ऐकलं सगळ्यांनी नाव."